शब्दचर्चा : 'टार्गेट' म्हणजे पाहुणा की यजमान?

अर्धविराम
पदविकेच्या मुलांसाठी क्यूएमूवर मराठीत टिपणं लिहितोय. क्यूएमू हे एम्युलेटर, म्हणजे एका प्रोसेसरवर दुसऱ्याचं सोंग वठवणारा प्रोग्रॅम. ते नव्या प्रोसेसरवर कसं नेतात, हा विषय. उदाहरणाला रिस्क-फाइव्ह हा प्रोसेसरांचा प्रकार घेतलाय. होस्टला (ज्या खऱ्या प्रोसेसरवर हे चालतं तो) 'यजमान' आणि गेस्टला (ज्याचं सोंग घेतलं जातं तो) 'पाहुणा' लिहून निम्मी टिपणं उरकली, पण 'टार्गेट'पाशी अडलोय.

क्यूएमूच्या मूळ कोडात 'टार्गेट' नावाचा एक फोल्डर आहे. ज्या प्रोसेसरचं सोंग घ्यायचं ते सगळे त्यात : आर्म, आय३८६, रिस्कव्ही (म्हणजे रिस्क-फाइव्हच) वगैरे. म्हणजे टार्गेट हा पाहुणा झाला. आता 'टीसीजी' (पाहुण्याचा कोड यजमानाच्या भाषेत उतरवणारा भाग) हा दुसरा फोल्डर उघडा. त्यातही रिस्कव्ही आहे आणि आतल्या मुख्य फाइलच्या नावातच 'टीसीजी-टार्गेट' आहे. इथे मात्र टार्गेट म्हणजे ज्या खऱ्या चिपवर शेवटी कोड धावणार ती, म्हणजे यजमान. शब्द एक आणि अर्थ नेमके उलटे! टिपणं तपासणाऱ्या बाईंचं म्हणणं, इंग्रजीत एकच शब्द आहे तर मराठीतही दोन्हीकडे 'लक्ष्य'च हवं. मला ते पटत नाही. तुम्ही काय लिहाल?

जुनाट
यामागे इतिहास आहे. टीसीजी म्हणजे टायनी कोड जनरेटर. ते सुरू झालं एका सी कंपायलरचं, म्हणजे सी भाषेतल्या प्रोग्रॅमचा यंत्राच्या भाषेत अनुवाद करणाऱ्या प्रोग्रॅमचं, मागचं अंग म्हणून. कंपायलरवाल्यांच्या बोलीत टार्गेट म्हणजे ज्या यंत्रासाठी कोड काढायचा ते यंत्र. क्यूएमूचे मूळ लेखक फाब्रिस बेलार यांनी ते छाटून क्यूएमूत आणलं, आणि शब्द जसाच्या तसा सोबत आला. क्यूएमूच्या घरात त्याच नावाचं माणूस आधीच राहत होतं. टीसीजीच्या जुन्या माहितीपत्रकात तर सरळ लिहिलंय की आमचं टार्गेट आणि क्यूएमूचं टार्गेट एक समजू नका.

त्याआधी डायनजेन नावाचा प्रकार होता. जीसीसी या कंपायलरकडून छोटे छोटे तुकडे आधीच कंपाइल करून घ्यायचे आणि चालू असताना एकामागे एक डकवायचे. जीसीसीची आवृत्ती बदलली की सगळं कोसळायचं. टीसीजी आल्यावर नव्या प्रोसेसरवर जाणं माणसाच्या आवाक्यात आलं.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर : दोन्हीकडे टार्गेट काढून टाका. एकीकडे पाहुणा, एकीकडे यजमान. बाईंना सांगा, मूळ लेखकांचा घोळ भाषांतरकाराने जपायचा नसतो.

शुद्धमती
जुनाटराव, हे धोक्याचं आहे. उद्या तोच मुलगा मूळ कोड उघडणार, तिथे त्याला 'टार्गेट' दिसणार, मग तुमचा यजमान तो कुठे शोधणार? माझी सूचना : 'अनुकार्य' आणि 'आधार'. ज्याचं अनुकरण करायचं ते अनुकार्य, ज्याच्या आधाराने करायचं तो आधार. आणि एम्युलेटरला 'अनुकारक' म्हणा ना, मराठी टिपणांत 'एम्युलेटर' कशाला?

घाटमाथा
आधी त्या यजमानाचं बघा. आमच्याकडं बायका नवऱ्याला यजमान म्हणतात. "यजमान हँग झाले, बंद करून परत चालू केले" असं टिपणात आलं तर वर्गात हसून मुरकुंडी वळंल.

बेळगावकर
कन्नडमध्येही यजमान म्हणजे घरचा कर्ता, नवरा, मालक. आमच्या गल्लीत दोन्ही भाषांतले यजमान सुखाने नांदतात. होस्ट म्हणजे पाहुणचार करणारा हा अर्थ मराठीत मागाहून चिकटला असावा. मूळ धातू यज्, यज्ञ करणारा तो यजमान.

सदाफुली
यज्ञ *करवणारा* म्हणा. मी भिक्षुकी घरातली. आमच्याकडे यजमान म्हणजे ज्याच्या घरी कार्य तो. मंत्र म्हणणार गुरुजी, सगळी मेहनत गुरुजींची, पण संकल्पात नाव-गोत्र यजमानाचं आणि पुण्य त्याच्या खात्यात. एम्युलेटरमध्ये तर उलटं दिसतंय. राबतो यजमान आणि नाव होतं पाहुण्याचं.

जुनाट
ताई, अगदी तसंच आहे, आणि म्हणूनच ही जोडी मला आवडते. उदाहरण देतो. पाहुणा आहे एक्स८६, म्हणजे नेहमीच्या पीसीतला प्रोसेसर. त्याने दोन आकडे मिळवले की बेरजेबरोबर फ्लॅगही (प्रोसेसरमधल्या छोट्या खुणा) बदलतात : उत्तर शून्य आलं का, हातचा उरला का, चिन्ह कुठलं. रिस्क-फाइव्हकडे असले फ्लॅगच नाहीत. तिथे दोन रजिस्टरांची (प्रोसेसरमधल्या आकडे ठेवायच्या खणांची) तुलना आणि कोडात दुसरीकडे उडी एकाच सूचनेत (इन्स्ट्रक्शनमध्ये) होते. मग दर बेरजेला यजमानाने पाहुण्याचे सगळे फ्लॅग हाताने मांडत बसायचं का? नाही. क्यूएमू फक्त शेवटची क्रिया कोणती होती आणि तिच्यातले आकडे लक्षात ठेवतं. पाहुण्याने फ्लॅग विचारलाच तर तेवढ्यापुरता हिशेब करून देतं. बहुतेक वेळा तो विचारतच नाही.

आता वरच्या वाक्यांत दोन्हीकडे 'लक्ष्य' घालून वाचून बघा.

पडवळ
मला पडलेला प्रश्न वेगळा आहे. 'पोर्ट करणे' याला काय म्हणता? अर्धविराम यांनी 'नेतात' म्हणून वेळ मारून नेली आहे. पोर्ट म्हणजे बंदर. या बंदरातलं गलबत त्या बंदराला लावणं, अशी माझी व्युत्पत्ती.

शुद्धमती
पोर्टचा इथे बंदराशी संबंध नाही. लॅटिन 'पोर्तारे', वाहून नेणे. पोर्टेबलला 'सुवाह्य' हा शब्द रुळलेला आहे, तेव्हा 'सुवाह्य करणे'. आणि 'बंदर' तरी कुठे आपलं, फारसी आहे ते.

घाटमाथा
फारसी काढायचं म्हटलं तर हिशेब, बाजार, दुकान, हवा, सगळंच उठून जाईल. मागं राहणार काय?

शुद्धमती
कोणी काढा म्हणत नाही. पण दिनांक, महापौर हे शब्द आले तेव्हाही लोक हसलेच होते. आज महापौरांवर कोण हसतं? निदान शब्दावरून तरी.

पडवळ
माझी आई पंचाहत्तरीची आहे. तिला विचारलं, पोर्ट करणे म्हणजे काय? म्हणाली, नंबर तोच ठेवून कंपनी बदलणे. २०११च्या जानेवारीत देशभर ती सोय सुरू झाली आणि शब्द घरोघर गेला. यापेक्षा नेमकी व्याख्या मला जमणार नाही : वरून दिसणारं सगळं तेच, खालचं बदललं. तेव्हा मी बंदरही सोडलं आणि सुवाह्यही. 'पोर्ट करणे' हे मराठी क्रियापद आहे.

सदाफुली
'बसवणे' का नाही? नाटक बसवतात, चाल बसवतात, विहिरीवर मोटार बसवतात. "क्यूएमू रिस्क-फाइव्हवर बसवलं." बसवण्यात खटपट गृहीत असते, ठोकून-ठाकून जमवणं असतं. 'सुवाह्य करणे'मध्ये घामाचा वास नाही.

जुनाट
'बसवणे'ला माझं मत. किती ठोकावं लागतं ते ऐका. रिस्क-फाइव्हच्या एका सूचनेत १२ बिटांचाच आकडा मावतो. मोठा आकडा हवा तर तो तुकड्यांनी जुळवायचा. अटीवरची उडी पुढे-मागे ४ केबीपर्यंतच पोचते. त्यापलीकडे जायचं तर अट उलटी करायची आणि लांब उडीची वेगळी सूचना शेजारी ठेवायची.

मला सगळ्यात जास्त छळलं ते कॅशेने (प्रोसेसरजवळच्या छोट्या, झटपट स्मृतीने), तेही एका आर्म बोर्डावर. एम्युलेटर चालता चालता नवा कोड स्मृतीत लिहितं आणि लगेच तिथे उडी मारतं. लिहिणं होतं डेटाच्या कॅशेतून, सूचना उचलल्या जातात दुसऱ्या कॅशेतून, आणि त्या दुसरीत शिळाच कोड पडलेला. एक्स८६वर हार्डवेअर हे आपलं आपण निस्तरतं, आर्मवर तुम्ही स्वतः साफ करायचं. डीबगर लावून सावकाश चाललं की सगळं ठाकठीक, पूर्ण वेगाने सोडलं की भलतीकडेच भरकटायचं. वरिष्ठ म्हणाले बोर्डच खराब आहे. बोर्ड बदलला, तरी तेच. रिस्क-फाइव्हवर त्यासाठी फेन्स-डॉट-आय नावाची सूचना आहे, पण ती प्रोसेसरच्या ज्या गाभ्यावर (कोअरवर) चालते त्याच्यापुरतीच; बाकीच्या गाभ्यांसाठी लिनक्सला विनंती करावी लागते.

बेळगावकर
'शिळा कोड' फार आवडला. स्टेलला यापुढे शिळा.

शुद्धमती
आणि हे 'एम्युलेटर' तसंच ठेवणार? निदान 'अनुकारक' कंसात द्या.

घाटमाथा
त्यापेक्षा 'तोतया' घाला. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंचा तोतया आला होता, लोकांनी खरा मानलाच की. ऑपरेटिंग सिस्टिमला कळतच नाही आपण खऱ्या चिपवर आहोत का खोट्या. तोतयाचं काम तेच.

शुद्धमती
तोतयात फसवणूक आहे. एम्युलेटर कोणाचं वाईट करत नाही.

सदाफुली
मग बहुरूपी. एकाच क्यूएमूत आर्म, मिप्स, पॉवरपीसी, सगळी सोंगं.

जुनाट
दोन्ही गोड आहेत, पण एम्युलेट या शब्दात नक्कल दुय्यम आहे. लॅटिन मुळात चुरस आहे, बरोबरी करू पाहणं. साठच्या दशकात आयबीएमने सिस्टिम/३६० काढली (घोषणा एप्रिल १९६४), तेव्हा गिऱ्हाइकांकडे जुन्या १४०१ या यंत्रावरचे प्रोग्रॅम पडून होते. नव्या यंत्राच्या मायक्रोकोडची (यंत्राच्या आतच भरलेल्या मूलभूत सूचनांची) मदत घेऊन ते चालवायची सोय केली. नुसत्या सॉफ्टवेअरने चालवलं तर ते सिम्युलेटर, यंत्राने आतून हात दिला तर एम्युलेटर, असा तेव्हा त्यांच्याकडे भेद होता. त्या जुन्या काटेकोर अर्थाने क्यूएमूचं टीसीजी हे सिम्युलेटरच ठरेल. म्हणजे 'अनुकारक' बरोबर, पण भलत्या शब्दासाठी.

शुद्धमती
म्हणजे इंग्रजीत अर्थ सरकला तर ती उत्क्रांती, आणि मराठीत मी नवा शब्द सुचवला तर तो हट्ट!

पडवळ
हट्ट कोणी म्हटलं नाही ताई. पण सरकायला शब्द आधी वापरात असावा लागतो. 'अनुकारक' तुम्ही बोलताना शेवटचा कधी वापरलात?

शुद्धमती
आत्ताच. वर दोन वेळा.

अर्धविराम
मंडळी, टार्गेटचं काय करू? टिपणं सोमवारी छपाईला जायची आहेत. सध्या असं योजलंय : पहिल्यांदा येईल तिथे 'टार्गेट (इथे पाहुणा)' किंवा 'टार्गेट (इथे यजमान)', पुढे नुसतं पाहुणा-यजमान. बाईंना हे अजून दाखवलेलं नाही. आणि रिस्क-फाइव्हवर रिस्क-फाइव्हच चालवायचं असेल, तेव्हा तर पाहुणा आणि यजमान एकाच आडनावाचे.

बेळगावकर
भाऊबंदकीच मग. पण 'पाहुणा' कुठून आला ते कोणी पाहिलंय का? संस्कृत प्राघूर्णक, हिंडत-फिरत आलेला, त्यावरून प्राकृत पाहुण. म्हणजे आमंत्रणाशिवाय आलेला तोच खरा पाहुणा.

घाटमाथा
आमच्याकडं आमंत्रणाचा काही संबंध नाही. एस्टीत शेजारी बसला तोही पाव्हणा. "काय पाव्हणं, कुठलं गाव?" आणि सोयरिक जुळली की सगळा गावच पाव्हणा.

सदाफुली
कोकणात अनोळखी माणसाला पाहुणे म्हणत नाहीत. तिथे आधी विचारतात, कोणाकडे आलात?

घाटमाथा
अन् कोणाकडंच आलं नसंल तर?

सदाफुली
तर मग आडनाव विचारतात.