मदत हवी आहे: फुटबॉल मॅचआधी वॉर्म-अपला नेमकं काय करून घ्यायचं? पाय जातायत पोरांचे

पेठकर_०७
एक पोर गुडघा धरून घरी बसलंय, दुसऱ्याचा मांडीमागचा स्नायू धरलाय, आणि स्पर्धा तोंडावर आलीय. आम्ही ग्राउंडला दोन चकरा मारतो, मग गोलात उभं राहून स्ट्रेचिंग, झालं. सरळ यादी द्या, लिंका नकोत, व्हिडिओ बघायला वेळ नाही.

डावा_विंगर
वय किती, ग्राउंड मातीचं की टर्फ, गुडघा धडकेत गेला की आपोआप? डॉक्टरला दाखवलं का? काहीच न सांगता यादी कशी देणार राव.

पेठकर_०७
१४-१५. माती. धडक नाही, हेडरला उडी मारली आणि खाली येताना गुडघा आत वळला. डॉक्टर चालू आहेत, मी बाकीच्यांचं विचारतोय.

जुना_स्टॉपर
आमच्या वेळी तालमीत जोर-बैठका, अंगाला तेल, की थेट कोल्हापूरचं शाहू स्टेडियम. कुणाचे गुडघे गेले नाहीत. आताच्या पोरांना मोबाईल सोडवत नाही हे खरं कारण.

डावा_विंगर
काका, गेलेले खेळायचे बंद झाले म्हणून तुम्हाला दिसले नाहीत.
पेठकर, फिफाचा ११ प्लस नावाचा वॉर्म-अप करा. पंधरा व्यायाम, साधारण वीस मिनिटं, तीन भाग. आधी आठ मिनिटं हळू पळणं, त्यातच मांडी बाहेर-आत फिरवणं, जोडीदाराभोवती फेरी, खांद्याला खांदा. मग दहा मिनिटं प्लँक (कोपर आणि पायाच्या बोटांवर अंग सरळ धरणं), साइड प्लँक (तेच कुशीवर), नॉर्डिक हॅमस्ट्रिंग, एका पायावर तोल, बैठका, उड्या. शेवटी दोन मिनिटं जोरात पळणं आणि पाय रोवून दिशा बदलणं. आठवड्यात निदान दोनदा. मॅचच्या दिवशी मधला भाग गाळायचा, फक्त पळण्याचे दोन भाग.

हळद_दूध
रात्री हळद घालून दूध द्या, सोबत खारीक. हाडं मजबूत होतात.

डावा_विंगर
हाडाचं कुणी विचारलंय?

योगसाधक
स्ट्रेचिंगला नावं ठेवू नका, एकेक आसन दोन मिनिटं धरलं तर स्नायू मऊ होतो.

डावा_विंगर
ते संध्याकाळी घरी करा. मॅचच्या तोंडावर एकच स्नायू मिनिटाच्या वर ताणून धरला की थोडा वेळ त्याची ताकद उतरते. ११ प्लसमध्ये असं उभं राहून ताणणं नाहीच.

पेठकर_०७
वीस मिनिटं कुठून आणू, ग्राउंड तासभरच मिळतं. आणि पोरी प्लँकला कंटाळतात.

डावा_विंगर
पोरी?? मुलींची टीम आहे?

पेठकर_०७
हो मग. त्याने काय फरक पडतो?

गुडघेदुखी_फिजिओ
फार पडतो. वळताना-उतरताना गुडघ्याचं लिगामेंट (हाडं जोडणारा पट्टा) फाटण्याचा धोका या वयानंतर मुलींना मुलांपेक्षा जास्त. आणि या ११ प्लसची मोठी चाचणी नॉर्वेत १३ ते १७ वर्षांच्या मुलींवरच झाली, २००८ मध्ये छापून आली, त्यात गंभीर दुखापती जवळपास निम्म्या झाल्या. तुम्ही समोर उभे राहा आणि उडीवरून उतरताना फक्त गुडघे बघा: पायाच्या बोटांच्या रेषेत हवेत, एकमेकांकडे झुकता कामा नयेत. उतरताना आवाज कमी यायला हवा, धप्प झालं की परत उडी. पळण्याचा भाग गेटबाहेर उरका, ग्राउंडचा वेळ वाचेल.

जुना_स्टॉपर
मुली कुठल्या पेठेच्या? शिवाजी पेठेच्या असतील तर गुडघे शाबूत राहूनही काय उपयोग 😀

पाटाकडील_समर्थक
काका तुमचं शिवाजी पेठेच्या टीमशी वैर वॉर्म-अपच्या धाग्यात कशाला.

जुना_स्टॉपर
पाटाकडील टीमवाल्यांनीच बोलायचं का वैराचं!

पेठकर_०७
धागा भरकटवू नका. काल नॉर्डिक घेतला, जोडीदाराने घोटे दाबून धरायचे आणि गुडघ्यावरून हळू पुढे झुकायचं तोच ना? पाच-सहा जणी धाडकन तोंडावर पडल्या, आज सगळ्यांच्या मांड्या भरून आल्यात. बंद करू का?

गुडघेदुखी_फिजिओ
किती वेळा घेतला?

पेठकर_०७
दहा.

गुडघेदुखी_फिजिओ
अहो सुरुवात तीन ते पाचवर. हात पुढे तयार ठेवून, जितकं हळू जमेल तितकंच. दोन दिवस थांबा, दुखणं उतरलं की तीनवर या. मॅचच्या आदल्या दिवशी नको.

हळद_दूध
खारीक रात्री भिजत घालायची, सांगायचं राहिलं.