कढईत तळं

मी: आज पुन्हा तेच! कोबी, गाजर, सिमला मिरची, मशरूम, सगळं मोठ्या आचेवर परतायला घेतलं आणि पाच मिनिटांत कढईत तळं. कुरकुरीत राहू दे, चमच्याने खावं लागलं.

दादा: फोटो?

मी: नाही टाकणार. सूप म्हणशील.

काका: घरचा गॅस कमी पडतो, बाळा. चिनी स्वयंपाकात ज्वाळा कढईच्या काठापर्यंत येतात. ते घरी जमायचं नाही.

आत्या: गॅसच्या नावाने का खडे फोडतोस रे! आधी सांग गं, एका वेळी किती भाजी घातलीस?

मी: चौघांची. काठोकाठ.

आत्या: मग बिचारी परतली जाणार कशी? वाफेवर शिजली ती. दोन-तीन घाणे कर. कढईचा तळ जेमतेम झाकेल एवढीच घालायची. एक घाणा काढून ठेवायचा, कढई पुन्हा कडकडीत तापू द्यायची, मग दुसरा.

दादा: आत्या बरोबर आहे. यातल्या बऱ्याच भाज्यांत ९० टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं. कढईत पाणी साचलं की भाजी १०० अंशांवरच अडकते. तांबूस डाग आणि खमंग वास यायला १४०च्या पुढे जावं लागतं. शिवाय उकळतं पाणी वाफ करून उडवायला जी उष्णता लागते, ती तेच पाणी ० पासून १०० अंशांपर्यंत तापवण्याच्या पाचपट. म्हणून बारीक गॅस असेल तर घाणाही लहान घ्यायचा.

वहिनी: सुरू झाला ह्यांचा तास 😄 धुतल्यावर भाजी कोरडी केलेलीस का?

मी: चाळणीत निथळली ना.

वहिनी: तेवढ्याने नाही भागत. सुती फडक्यावर पसर, वरून टिपून घे. मशरूम तर एकटेच परत, फार पाणी सोडतात. आणि मीठ कधी घातलंस?

मी: सुरुवातीलाच 🙈

आत्या: झालं! मीठ पाणी ओढून काढतं. ते शेवटी. सोया सॉस घालणार असशील तर चाखून बघ, तो खारटच असतो.

मी: नॉनस्टिक चालेल ना?

दादा: एवढ्या आचेला नको. रिकामं तापत राहिलं तर २६० अंशांच्या पुढे त्याचा लेप बिघडायला लागतो.

काकू: माझी लोखंडी कढई पडूनच आहे, घेऊन जा. गाजर-फरसबी आधी, मग सिमला मिरची, कोबी त्यानंतर, कांद्याची पात गॅस बंद करताना. गाजर तिरकं, पातळ काप. लसूण मात्र तेलात घालून लांब जाऊ नकोस, बघता बघता करपतो.

वहिनी: झाकण अजिबात नको. व्हिनेगरही अगदी शेवटी, नाहीतर हिरव्या भाज्या मळकट दिसतात. सॉस दाट हवा असेल तर कॉर्नफ्लोअर गार पाण्यात कालवून घाल. कोरडं टाकलंस तर गुठळ्या.

*(दुसऱ्या दिवशी, रात्री ८.४०)*

मी: [फोटो] तीन घाणे. तळाला थेंबभर पाणी नाही!!

काका: गाजर करपलंय का जरा?

आत्या: खमंग म्हणतात त्याला.

काकू: कढई कधी परत येतेय?

मी: 🙊