मदत हवी आहे: उबुंटूवर दुसरा मॉनिटर लागतच नाही, उद्या डेमो आहे

चिंचवडकर: कालपर्यंत लॅपटॉपला बाहेरचे दोन मॉनिटर मस्त चालत होते. आज एकच लागतोय, दुसऱ्यावर 'नो सिग्नल'. केबल बदलून झाली. डिस्प्ले सेटिंगमध्ये त्याचं नावच येत नाही. उद्या सकाळी डेमो आहे, प्लीज लवकर सांगा. फॉरमॅट मारायला सांगू नका.

टर्मिनलवाला: ग्राफिक्स कार्ड कोणतं? उबुंटू कितवं? वेलँड की झॉर्ग (स्क्रीनवर चित्र दाखवणाऱ्या यंत्रणांपैकी कोणती)? कालपासून काय बदललं?

रात्रपाळी: वेलँडच नडतंय. लॉगिनच्या वेळी खालच्या चाकावर क्लिक करून 'उबुंटू ऑन झॉर्ग' निवडा. माझं असंच सुटलं होतं.

चिंचवडकर: २४.०४. इंटेल आणि एनव्हिडिया दोन्ही आहेत. झॉर्गवरही तेच. बदललं काहीच नाही, फक्त ड्रायव्हर नव्याने टाकला.

टर्मिनलवाला: अहो, हेच आधी सांगायचं ना! बंद पडलेला एचडीएमआयवर आहे आणि चालतोय तो यूएसबी-सीवर, बरोबर?

चिंचवडकर: हो! कसं ओळखलंत?

टर्मिनलवाला: बऱ्याच गेमिंग लॅपटॉपमध्ये एचडीएमआय थेट एनव्हिडियाच्या चिपला जोडलेलं असतं. ड्रायव्हर लोड झाला नाही, तर लिनक्सच्या लेखी ते पोर्टच नाही. लॅपटॉपचा स्क्रीन इंटेलवर चालतो, म्हणून बाकी सगळं ठीक वाटतं. 'सुडो मॉडप्रोब एनव्हिडिया' चालवा आणि जे येईल ते जसंच्या तसं इथे टाका.

कोल्हापुरी_पेंग्विन: म्हणूनच मी एएमडी घेतलं. ड्रायव्हर कर्नलमध्येच (लिनक्सच्या गाभ्यातच) असतो, कटकटच नाही.

रात्रपाळी: त्यांनी कार्ड कोणतं घ्यायचं असं विचारलेलं नाही.

चिंचवडकर: 'की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस' येतंय.

टर्मिनलवाला: सापडलं. सिक्युअर बूट (ओळखीची सही नसलेलं सॉफ्टवेअर अडवणारी सोय) चालू आहे आणि मॉड्यूलवरची, म्हणजे ड्रायव्हरवरची, सही मशीनला ओळखीची नाही. ड्रायव्हर टाकताना किमान ८ अक्षरी पासवर्ड मागितला होता का? रीस्टार्टनंतर निळा स्क्रीन?

चिंचवडकर: पासवर्ड मागितला होता. निळं काहीतरी आलं आणि आपोआप गेलं.

रात्रपाळी: बायॉसमध्ये जाऊन सिक्युअर बूट बंद करा, दोन मिनिटांचं काम.

टर्मिनलवाला: अजिबात नको! विंडोजही असेल आणि बिटलॉकर (विंडोजचं डिस्कचं कुलूप) चालू असेल तर उद्या सकाळी रिकव्हरी की शोधत बसतील. चिंचवडकर, तो निळा स्क्रीन १० सेकंदच थांबतो. 'सुडो मोकयुटिल --इम्पोर्ट' पुढे '/व्हार/लिब/शिम-साइन्ड/मोक/' मधल्या मोक.डेर फाइलचा (त्या सहीची किल्ली, 'मोक', तिच्यात असते) पत्ता द्या. नवा पासवर्ड ठरवा आणि रीस्टार्ट करा. निळा स्क्रीन आला की लगेच कुठलीही कळ दाबा, मग 'एनरोल मोक', 'कंटिन्यू', 'येस', तोच पासवर्ड, रीबूट. पासवर्डात चिन्हं नकोत, तिथे कीबोर्ड साधा अमेरिकन मांडणीचा असतो.

हौशी_फोटोग्राफर: दोन मॉनिटरवर वेगवेगळे वॉलपेपर हवे असतील तर हायड्रापेपर बघा.

चिंचवडकर: लागला!! दोन्ही चालू. टर्मिनलवाला, मनापासून आभार. पण एचडीएमआयवर अक्षरं फार मोठी दिसताहेत, तो २४ इंची साधा एचडी आहे.

टर्मिनलवाला: सेटिंगमध्ये त्या एकट्याचं स्केल १०० टक्के करा. झॉर्गवर ते दोघांना वेगळं नीट जमत नाही, वेलँडवर जा.

रात्रपाळी: एनव्हिडियावर वेलँड? डेमोच्या आदल्या रात्री?

टर्मिनलवाला: ५५५ पासून पुढच्या ड्रायव्हरमध्ये एक्सप्लिसिट सिंक (वेलँडवर चित्र लुकलुकू न देणारी सोय) आलंय. चिंचवडकर, 'एनव्हिडिया-एसएमआय' चालवून ड्रायव्हरची आवृत्ती सांगा, मग ठरवू.