इमारतीचा स्वभाव नेमका कशातून कळतो?

प्रश्न
न्यायालय, बँक किंवा प्रार्थनास्थळ यांच्यासमोर उभे राहिल्यावर, फलक वाचण्याआधीच, ती वास्तू कशासाठी असावी याचा अंदाज येतो. हा अर्थ वास्तूच्या घडणीत असतो, की वर्षानुवर्षांच्या सवयीने आपणच तो तिला चिकटवतो? वास्तुरचनेच्या अभ्यासकांनी कृपया उदाहरणांसह सांगावे.

प्रतिसाद १
सवयीचा वाटा फार मोठा आहे. फिलाडेल्फिया येथील ‘सेकंड बँक ऑफ द युनायटेड स्टेट्स’ची १८२४ मध्ये पूर्ण झालेली इमारत अथेन्सच्या पार्थेनॉन या स्तंभांच्या प्राचीन मंदिराच्या धर्तीवर बांधली गेली. ग्रीक मंदिराचा पैशाच्या व्यवहाराशी काय संबंध? तरीही त्या स्तंभांमुळे बँकेला प्राचीनतेचे आणि स्थैर्याचे वजन लाभले.

प्रतिसाद २
स्तंभांपुरते हे मान्य आहे, पण ते वास्तूचे वस्त्र झाले. काही गोष्टी कोणी न शिकवताही शरीराला कळतात. रोमच्या पँथिऑन या प्राचीन मंदिरात घुमटाचा व्यास आणि जमिनीपासून माथ्यापर्यंतची उंची दोन्ही सुमारे ४३ मीटर आहेत. दार सोडले तर उजेड येतो तो माथ्यावरच्या गोल झरोक्यातूनच, आणि तो कवडसा दिवसभर भिंतींवरून सरकत असल्याने नजर आपोआप वर जाते. त्यासाठी रोमन धर्माची माहिती असावी लागत नाही. बर्लिनच्या ज्यू संग्रहालयात वास्तुविशारद डॅनिएल लिबेस्किंड यांनी नव्या इमारतीला रस्त्यावरून दारच ठेवलेले नाही. शेजारच्या जुन्या वास्तूत शिरून, जिना उतरून, जमिनीखालून तिच्यात जावे लागते. तिथल्या निर्वासनाच्या बागेत ४९ काँक्रीटचे स्तंभ तिरप्या जमिनीवर उभे आहेत आणि त्यांच्यामधून चालताना तोल सावरावा लागतो. ज्यूंच्या इतिहासातील उखडलेपण इथे फलकाआधी पावलांना जाणवते, आणि माझ्या मते वास्तुरचनेचे खरे सामर्थ्य हेच आहे.

प्रतिसाद ३
वापराचाही विचार व्हावा. बर्लिनच्याच राइशटाग या जर्मन संसदेच्या इमारतीवर वास्तुविशारद नॉर्मन फॉस्टर यांनी उभारलेला काचेचा घुमट १९९९ मध्ये पूर्ण झाला. नुसती काच पारदर्शक कारभाराची ग्वाही देत नाही, कारण काचेच्या भिंतींमागे बंद दाराआड चालणारी कार्यालयेही पुष्कळ असतात. या घुमटाला अर्थ येतो तो सामान्य नागरिक त्यातील सर्पिल उतरणीवरून संसदेच्या सभागृहाच्या वर चालत जाऊ शकतात म्हणून. ती वाट बंद केली, तर एकही काच न बदलता इमारतीचा अर्थ बदलेल.

प्रश्नकर्ता
मनःपूर्वक आभार. मी आजवर दर्शनी भागच पाहत होतो. आता आत कोणत्या वाटेने नेले जाते आणि उजेड कुठून येतो, हेही पाहीन.