रेंडर पुठ्ठ्याचं दिसलं, तर त्यात फसवणूक कसली?

रेघोट्या (धागाकर्ता)
ऑफिसातला वाद इथे आणतोय. इमारतीचं डिझाइन कच्चं असताना मी हल्ली फोटोसारखं रेंडर, म्हणजे संगणकाने काढलेलं चित्र, देतच नाही. पांढरा पुठ्ठा, बाल्सा लाकूड, थोडं अ‍ॅक्रिलिक, मागे करडा पडदा. टेबलावरच्या हातमॉडेलचा फोटो वाटावा असं चित्र संगणकावरच करून देतो. सहकारी म्हणतात, हे सोंग आहे. मला फोटोसारखं रेंडरच जास्त सोंगाडं वाटतं. एकदा न सुटलेल्या कोपऱ्यापुढे मी रेंडरमध्ये सॉफ्टवेअरच्या लायब्ररीतलं तयार डेरेदार झाड उभं केलं होतं. इमारत झाल्यावर मालकांनी विचारलं, "ते झाड कुठंय?" मॉडेलातल्या तारेच्या झाडाबद्दल असं कुणी विचारत नाही. आणि रंगवून नटवलेल्या मॉडेलांना अल्बर्टी या इटालियन वास्तुरचनाकाराने १५व्या शतकातच नावं ठेवली होती. साधी करा म्हणाला.

पुठ्ठेकर
करा म्हणाला ना? मग करा की! हातात कटर घेतला की कुठली भिंत कुठे टेकते ते कळतं. जोड जुळत नसेल तर मॉडेल उभंच राहत नाही. तुमच्या चित्रात दोन भिंती एकमेकींत घुसल्या तरी संगणक हूं की चूं करत नाही. कष्ट न करता कष्टाचा वास तेवढा हवा, याला मी फसवणूकच म्हणतो.

रेघोट्या
उभं राहिलं म्हणून काय सिद्ध झालं? माप वाढलं की वजन घनाच्या हिशेबाने वाढतं, ते पेलणाऱ्या छेदाचं क्षेत्रफळ वर्गाच्या. पुठ्ठ्याचा छज्जा टिकला म्हणून काँक्रीटचा टिकत नाही. आणि हाताने केलं की विचार पक्का होतो, हेही खरं नाही. रोमच्या सेंट पीटर्स चर्चचं, वास्तुरचनाकार सांगालोचं लाकडी मॉडेल १५३९ ते १५४६ घडत होतं, लांबी ७ मीटरहून जास्त. तो गेल्यावर मायकेलअँजेलोने त्या डिझाइनचा बराचसा भाग मोडीत काढला.

शून्यबेव्हल
नीतीचं तुम्ही बघा. माझी तक्रार अशी, की यातली बहुतेक रेंडरं मॉडेलसारखी दिसतच नाहीत. पांढरं मटेरियल आणि कोपऱ्यात काळपट सावली म्हणजे मॉडेल नव्हे. स्केल आधी ठरवा. १:२०० ला, म्हणजे मॉडेल खऱ्याच्या दोनशेव्या हिश्शाचं असेल तर, २ मिमीचा पुठ्ठा म्हणजे ४० सेंटिमीटर, १ मिमीचं अ‍ॅक्रिलिक म्हणजे २० सेंटिमीटर जाड काच. इतकी जाडी दाखवायचं धाडस नसेल तर नाद सोडा. लाकडाचे रेषेही त्याच मापाने मोठे हवेत, नाहीतर ते फरशीचं टेक्स्चर वाटतं. जमिनीचा उतार गुळगुळीत नको, एकावर एक थर हवेत.

सगळ्यात जास्त फसतं ते फोकसमध्ये. अर्ध्या मीटरवरून ५० मिमी लेन्सने, एफ/२.८ ला, म्हणजे लेन्सचं भोक बरंच उघडं ठेवून, मॉडेल टिपलं तर जेमतेम दीड-दोन सेंटिमीटरचा पट्टा स्पष्ट येतो. १:२०० ला ते अर्ध्या मीटरचं अंतर १०० मीटर. संगणकातल्या खऱ्या मापाच्या सीनमध्ये तोच कॅमेरा तेवढ्या अंतरावर ठेवलात तर सगळंच लख्ख. मग एकतर सीन २०० पट लहान करा, नाहीतर एफ/०.०१४ असला आचरट आकडा टाका. आणि सूर्य बंद करा हो! टेबलाजवळच्या दिव्याच्या सावल्या फाकतात, सूर्याच्या समांतर पडतात.

पुठ्ठेकर
वा, म्हणजे खोटं नीट बोला! लेझरने जळलेली कड, गोंदाचा ओघळ, बोटांचे ठसे, हेही टाकता का?

शून्यबेव्हल
जळकी कड टाकतो. गोंदाचा ओघळ एकदा टाकला होता; साहेब म्हणाले, "मॉडेल जरा स्वच्छ करा."

टेकू
साधेपणाच्या नावाखाली तुम्ही मॉडेलवाले सगळेच एक गोष्ट लपवताय. मॉडेल म्हटलं की कॅमेरा वर जातो. शेजारच्या इमारती कोऱ्या ठोकळ्यांच्या, आपली तेवढी बाल्साची. साहजिकच देखणी दिसते. रस्त्यावरून चालणाऱ्याला हे कधी दिसणार? फोटोसारखं रेंडर निदान दारासमोर उभं करतं. रेघोट्या, तुमच्या त्या न सुटलेल्या कोपऱ्याचं वरून काय दिसलं असतं? छप्पर.

रेघोट्या
हा मुद्दा लागला. कोपरा खरंच छपराखाली गेला असता, झाडही लागलं नसतं. मॉडेलवाले छोटी लेन्स मॉडेलच्या रस्त्यावर टेकवून फोटो काढतात, तसा एक कॅमेरा १:२०० ला ८ मिमी उंचीवर, म्हणजे माणसाच्या डोळ्याशी, ठेवून बघतो. पुठ्ठा मात्र सोडणार नाही.

पुठ्ठेकर
८ मिमीवरून पुठ्ठ्याची कापलेली कडच दिसेल आधी. कटर पाठवू का?