गाड्यांचा काउंट शून्य आला तर काय समजायचं?

रस्त्यावर रबरी नळी टाकून गाड्या मोजणाऱ्या तुमच्या डिव्हाइसमध्ये मोडेम (मोबाइल नेटवर्कवरून डेटा पाठवणारा भाग) कायम चालू ठेवायचं म्हणताय, पण सोलरवर ते परवडणार नाही हो, मोडेम झोपवून ठेवा आणि तासातून एकदा उठवून आकडे आणि बॅटरीचं व्होल्टेज पाठवा, बास. टूजी मोडेम पाठवताना क्षणभर २ अँपिअरपर्यंत करंट खेचतो, त्यामुळे त्याच्या अगदी जवळ मोठा कपॅसिटर (थोडी वीज साठवून गरजेला झटकन देणारा भाग) हवाच, नाहीतर व्होल्टेज बसतं आणि बोर्ड रिसेट होत राहतो.

खरी गोम वेगळीच आहे. काउंट शून्य आला तर रस्ता रिकामा की रबरी नळी फाटली, हे कसं कळणार? म्हणून त्याच वाराची, त्याच तासाची जुनी सरासरी डिव्हाइसमध्येच ठेवा आणि भर गर्दीच्या वेळी शून्य दिसलं की लगेच अलर्ट पाठवा. नेटवर्क नसेल तेव्हा डेटा टाइमस्टॅम्पसकट फ्लॅशमध्ये (वीज गेली तरी टिकणाऱ्या मेमरीत) साठवा, एकदा गेला की परत मिळत नाही तो.