चौथा दिवस हरणाने खाल्ला : कन्साईची पहिली सहल, तुमचे अनुभव

मिनू_डोंबिवली :

काल जुन्या पासपोर्टांची फाईल उपसत होते. भाची मार्चअखेर सात दिवस जपानला, ओसाका-क्योतोच्या कन्साई भागात चाललीय, सोबत नवरा आणि सासूबाई. "मावशी, तुझा तो कागद आहे का गं अजून?" असा तिचा व्हॉईस मेसेज. कागद सापडला. म्हणजे अर्धा सापडला.

२०१८ च्या नोव्हेंबरात आम्ही गेलो होतो. त्याआधी तीन महिने खपून मी एक्सेलमध्ये तक्ता केला, मोठ्या कागदावर प्रिंट काढली, घड्या घातल्या. नाराच्या बागेत ह्यांनी तो मागच्या खिशात असा काही कोंबला की घडीचा मधला भाग बाहेर. मी हरणांची बिस्किटं घ्यायला वळले आणि मागून टर्रर्र. बघते तर हरीण डोळे अर्धे मिटून चघळतंय, एखाद्या काकांनी जेवणानंतर पान लावावं तसं. पहिले तीन दिवस आणि शेवटचे दोन आमच्या हातात. चौथा-पाचवा त्याच्या पोटात.

मी रडायच्या बेताला, मुलगा गवतावर लोळून हसतोय, आणि हे म्हणतात, "बरं झालं." दुसऱ्या दिवशी कुठे जायचं कुणालाच आठवेना. क्योतोची गाडी पकडली आणि मध्ये उजीला चहाचं गाव आहे एवढं ऐकून उतरलो. तिथलं ब्योदोइन देऊळ १०५३ सालचं, समोर तळं. मुलाने खिशातलं १० येनचं नाणं काढलं, एक डोळा मिटला आणि नाण्यावरचं देऊळ समोरच्या देवळाशी जुळवत बसला. पाऊण तास. तक्त्यात उजीला जागा नव्हती.

भाचीला एवढंच सांगितलं की टोकियो सोड. सात दिवसांचा तो देशभर चालणारा रेल्वे पास २०२३ च्या ऑक्टोबरात २९,६५० येनवरून ५०,००० झालाय, तो घेऊन वसूल करायला पळत सुटण्यात अर्थ नाही. क्योतो-ओसाका साधी गाडी अर्ध्या तासात नेते, सहाशेच्या आसपास येनमध्ये. पण माझी माहिती शिळी आहे. तुम्ही सांगा. सल्ले नकोत असं नाही, पण काय झालं ते आधी सांगा.

निवांत_नाशिककर :

पहिला!
(जेवून लिहितो. माझा किस्सा रेल्वेचा आहे आणि त्यात चूक माझी आहे, हे बायकोच्या आग्रहावरून आधीच नमूद.)

स्वाती_कोबे :

मिनूताई, हरणांना कागद फार आवडतो, नकाशेसुद्धा सोडत नाहीत. 😄

इथे अकरा वर्षं झाली, दरवर्षी कुणी ना कुणी माहेरचं-सासरचं येतं त्यामुळे पाठ झालंय. मार्चअखेर म्हणजे साकुरा, चेरीचा बहर, क्योतोत खोल्या महाग आणि मिळतही नाहीत, आजच बघ म्हणावं. त्यापेक्षा वाईट एकच, २९ एप्रिल ते ५ मेचा गोल्डन वीक, सुट्ट्यांचा आठवडा. तेव्हा अख्खा जपान घराबाहेर असतो.

क्योतोत बसच्या नादी लागू नका. जुनी ब्लॉगं वाचून लोक बसचा एक दिवसाचा पास मागतात, तो २०२४ पासून बंद आहे. आता भुयारी रेल्वे आणि बस मिळून आहे, ११०० येनचा. सासूबाई बरोबर असतील तर सरळ रेल्वेने जवळ जा आणि शेवटचं टॅक्सी.

शाकाहारी आहेत का? असतील तर खरा प्रश्न मांस नाही, दाशी आहे. सुकवलेल्या माशाचं पाणी. सूप, भाजी, नुसत्या टोफूवरचा रस, सगळ्यात. "मांस नाही ना?" विचारलं की ते प्रामाणिकपणे नाही म्हणतात, कारण मासा त्यांच्या लेखी मांस नव्हेच. आपल्याकडे सुकट घालून "भाजीच आहे हो" म्हणावं तसं. एक दिवस कोबेला या. कितानोच्या चढावर १९८५ पासून संगमरवरी जैन मंदिर आहे, आसपास गुजराती घरं, खाण्याची सोय होते. पोरं भाजी बाजारात येऊन ओरडतायत, बाकी नंतर.

पंचम :

आम्ही ग्रुप टूरने गेलो होतो. जपानमध्ये सात दिवस, सात रात्री, सात वेळा पनीर बटर मसाला. संध्याकाळी सहाला बस हॉटेलच्या दाराशी आणि आत शिरलं की "जिरा राइस आने दो".
क्योतोतल्या संजूसान्गेन्दो देवळाला वीस मिनिटं दिली. एका लांबलचक दालनात कान्नोनच्या, म्हणजे अवलोकितेश्वराच्या, १००१ मूर्ती, आणि पुढच्या रांगेत आपली माणसं! बासरी वाजवणारा गरुड, त्यांच्या बोलीत कारुरा. मी त्याच्यासमोर उभा, आणि मागून गाइड : "चला चला, बस लागलीय." फोटो काढायला मनाई आहे, त्यामुळे बायकोला अजून पटत नाही की गरुडाच्या हातात बासरी होती.

सोनचाफा :

@पंचम पटलं मला. मीपण पाहिलाय.

लेकुरवाळी_ठाणे :

एका हाताने टाइप करतेय, दुसऱ्या हातावर झोपलीय. बाबागाडी नेली होती. लिफ्ट प्रत्येक स्टेशनात आहे पण ती फलाटाच्या बरोब्बर दुसऱ्या टोकाला असते हा निसर्गनियम. आणि ओसाकात सरकत्या जिन्यावर उजवीकडे उभं राहतात. आम्ही टोकियोहून आलो होतो, डावीकडे उभे. मागे शंभर माणसं मुकाट थांबलेली, एक चकार शब्द नाही. दादरला असतो तर एव्हाना आमच्या सात पिढ्या निघाल्या असत्या

खवय्या_कोल्हापूर :

उजवीकडे? क्योतोत आम्हाला डावीकडे पण दिसले.

लेकुरवाळी_ठाणे :

क्योतोत पर्यटकच इतके की जो पुढे उभा त्याच्यामागे सगळे. उठली. बाय.

वैदेही_कु :

आईला घेऊन गेले होते, तेव्हा ती ६८ ची. बाकी दिवसांचं लिहीत नाही, कोयासानचं, डोंगरावरच्या त्या देवळांच्या गावाचं लिहिते.

ओसाकातल्या नाम्बाहून गाडी डोंगरात शिरत शिरत गोकुराकुबाशीला संपते. गोकुराकु म्हणजे अमिताभ बुद्धाची सुखावती, बाशी म्हणजे पूल. तिथून केबलवर ओढली जाणारी तिरकी गाडी, पाच मिनिटांत वर. उंची साधारण ८०० मीटर, ओसाकापेक्षा चांगलीच थंडी, स्वेटर विसरू नका. देवळातच राहायचं, त्याला शुकुबो म्हणतात. पाचच्या आत पोचा, कारण साडेपाचला जेवण येतंच. लाल-काळ्या छोट्या चौरंगांवर पंधराएक वाट्या. मांस-मासे नाहीत, कांदा-लसूणही नाही. तीन दिवस केळी आणि साध्या भातावर काढलेली माझी आई एकेका वाटीचं झाकण उघडत होती आणि काहीच बोलत नव्हती. शेवटी एक पांढरट थरथरणारी वडी खाऊन म्हणाली, "हे काय गं?" गोमा-दोफू, तिळाचं. गोमा म्हणजे तीळ.

सकाळी सहाला गाभाऱ्यात बोलावलं. अंधार, सोनेरी लटकणी, गुडघे दुखणाऱ्यांसाठी ठेंगणी स्टुलं. भिक्षूने समिधा रचल्या, लांब दांड्याच्या पळीने तेल सोडलं, ढोल सुरू झाला आणि ज्वाळा पार त्याच्या तोंडापर्यंत. मंत्र भराभर, एक अक्षर कळत नाही, पण प्रत्येकाचा शेवट सोवाका, सोवाका. आईने कोपराने ढोसलं. "स्वाहा म्हणतोय तो."

बाहेर आल्यावर मी फोनवर शोधलं तर ह्या विधीचं नावही गोमा. होम. ते तीळवाले गोमा वेगळं, हे वेगळं, उच्चार तेवढा एक. आईला सांगितलं तर म्हणे, "त्यात वेगळं काय? होमात तीळ घालतातच की."

मग ओकुनोइनची वाट. दोन किलोमीटर, दोन्ही बाजूंना सीडारची आभाळाला टेकलेली झाडं आणि दोन लाखांवर थडगी. शेवाळलेल्या पाच-पाच दगडांच्या उतरंडी : चौकोन, गोल, त्रिकोणी छप्पर, अर्धगोल, वर थेंब. पृथ्वी, आप, तेज, वायू, आकाश. त्यावर सिद्धम् ह्या जुन्या भारतीय लिपीतली अक्षरं कोरलेली. आई प्रत्येक दगडापाशी थांबून बोटाने गिरवून बघायची. शेवटच्या पुलापलीकडे कोबो दाइशी, म्हणजे कोयासान वसवणारे भिक्षू कूकाई, आहेत. "आहेत"च म्हणतात तिथे. ८३५ सालापासून ध्यानात बसलेत, गेले नाहीत, आणि त्यांना रोज दोन वेळा जेवण नेतात. आम्हाला ती पेटी नेणारे भिक्षू दिसले. आईने पदर डोक्यावर घेतला, हात जोडले, आणि वाटेत पहिल्यांदाच माझ्याशी बोलली : "आळंदीसारखंच आहे."

परत येताना पूर्ण वेळ गप्प होती. मी उगाच काही विचारलं नाही.

सोनचाफा :

वैदेही 🙏 

मिलिंद_नागपूर :

कोयासानला जाणाऱ्यांनी तिथलं विद्यापीठही बघावं. बाबासाहेबांचा पुतळा आहे तिथे, २०१५ मध्ये मुख्यमंत्री फडणवीसांच्या हस्ते अनावरण झालं. मी फक्त त्यासाठी गेलो होतो. पाऊस होता, छत्री मिटून पाच मिनिटं उभा राहिलो. तिथल्या एका विद्यार्थ्याने काही न विचारता माझा फोन घेऊन फोटो काढून दिला.
ओकुनोइनमध्ये कंपन्यांचीही स्मारकं आहेत. रॉकेटच्या आकाराचं एक, कॉफीच्या कपाचं एक. आणि औषध फवारणीवाल्यांनी मारलेल्या वाळवीसाठी उभारलेलं एक! शांतपणे विश्रांती घ्या असं वाळवीला लिहिलंय.

पंचम :

आमच्या सोसायटीत असं उभारायचं तर गच्ची पुरणार नाही.

निवांत_नाशिककर :

जेवण झालं, भांडी पण झाली.

शेवटचा दिवस. ओसाकाहून विमानतळाची गाडी. मी दोनदा बोर्ड वाचला, कानसाइ एअरपोर्ट, गाडी बरोबर. मागच्या डब्यात जागा मोकळी म्हणून बायकोला म्हटलं इथेच बसू, लोक उगाच पुढे गर्दी करतात. हिनेनो नावाच्या स्टेशनात गाडी थांबली, काहीतरी घोषणा झाली, बरीच थांबली. मी म्हटलं बघ, सिग्नलला इथेही थांबतात. मग निघाली. समुद्र येईना. पूल येईना. भातशेती आली.

ती गाडी हिनेनोला दोन तुकडे होते हो! पुढचे चार डबे विमानतळाला, मागचे वाकायामाला. आपल्याकडे जंक्शनला डबे तोडून दुसऱ्या गाडीला जोडायचे, तसंच. डब्यावर लिहिलेलं असतं, दारापाशी असतं, पडद्यावर असतं. मी सोडून सगळ्यांनी वाचलेलं.

पुढच्या स्टेशनात उतरलो. गणवेशातल्या एका मुलाला तिकीट दाखवून "एअरपोर्ट" म्हटलं. तो मोठ्याने हसला नाही, पण कान लाल झाले. आमची मोठी बॅग स्वतः उचलून जिन्यावरून पलीकडच्या फलाटावर ठेवली आणि परतीची गाडी येईपर्यंत शेजारी उभा राहिला. त्याची स्वतःची गाडी त्यात गेली असावी. विमान मिळालं, काउंटर बंद व्हायला नऊ मिनिटं होती. बायको सिंगापूर येईपर्यंत बोलली नाही.

खवय्या_कोल्हापूर :

नऊ मिनिटं म्हणजे नाशिककरांच्या हिशेबाने लवकरच की.

अश्विनी_रत्नांग्री :

मे महिन्यात जाणाऱ्यांनो, हापूस नेऊ नका. ताजी फळं-भाजी तपासणीच्या दाखल्याशिवाय आत नेता येत नाही. भावासाठी बारा आंबे, पेंढ्यात घालून, एकेक निवडून. विमानतळावरच्या बाईंनी हातमोजे घालून एकेक बाहेर काढला, मोजला, कागद लिहिला, माझी सही घेतली आणि तीन वेळा वाकून माफी मागितली. ओरडली असती तर भांडता तरी आलं असतं. घरभर नुसता पेंढ्याचा वास घेऊन भाऊ म्हणाला, "आला एवढा पुरे."

स्वाती_कोबे :

अश्विनी 😭 पुढच्या वेळी साठं आण. पण मांसाचं काही नको हां, सुकं मटणबिटण, त्यावर फार कडक आहेत.
सामानाचं सांगायचं राहिलं. क्योतोहून कोयासानला मोठी बॅग ओढत जायचं नाही. हॉटेलच्या काउंटरवर द्यायची, ती दुसऱ्या दिवशी ओसाकाच्या हॉटेलात. दोन-तीन हजार येन बॅगेमागे. एका कुरियरच्या गाडीवर काळी मांजर पिल्लाला तोंडात धरून चाललेली असते.

खवय्या_कोल्हापूर :

काळी मांजर आडवी गेली की सामान पोचतं असा देश. नेताना भडंग न्या, महिनाभर टिकतं. आमच्याकडे मीठ-मेतकूट आणि लसूण तळून.

सोनचाफा :

लसूण ठेचून की काप करून?

दगडूशेठ_रोड :

सात दिवसांत काय बघून होतं जपान? आम्ही पुढच्या आठवड्यात महाबळेश्वरला चाललोय, तिथेच चार दिवस कमी पडतात.

मिनू_डोंबिवली :

@वैदेही, आईंना नमस्कार सांग. भाचीला तुझं वाचून दाखवलं, फोनवर पलीकडून सासूबाईंचा आवाज आला, "ते देवळातलं कर, बाकी काय ते तुम्ही बघा."
@नाशिककर, पुढचे चार डबे हे तिला लाल अक्षरांत पाठवलंय.

आत्ताच तिचा नवा तक्ता आला. ४१ ओळी. पहिल्या दिवशी सकाळी ६:४० ला विमान उतरतं आणि ९:१५ ला क्योतोतल्या फुशिमी इनारी देवळाच्या तोरणांखाली फोटो. मध्ये सासूबाईंचा चहा धरलेला नाही. तिला म्हटलं, प्रिंट काढ आणि नाराला पहिल्याच दिवशी जा.

खवय्या_कोल्हापूर :

@सोनचाफा, ठेचून. सालासकट. आणि चुरमुरे आधी उन्हात.